१८०-६००, १००-४०० की २००-५००? वन्यजीव छायाचित्रणासाठी एकच लांब झूम घ्यायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. हातात निकॉन झेड ५० आणि त्यासोबत आलेली ५०-२५० लेन्स आहे. वर्षातून एकदा ताडोबा होतं. बाकी वर्षभर भिगवण, गावाबाहेरची तळी आणि घरामागची झाडं. आता लांब पल्ल्याची एकच झूम घ्यायची आहे: निकॉर झेड १८०-६००, निकॉर झेड १००-४००, की एफटीझेड अ‍ॅडॅप्टर लावून (तो जुन्या डीएसएलआरच्या लेन्स झेड कॅमेऱ्यावर बसवतो) जुनी २००-५००?

माझं उत्तर: १८०-६०० घ्या, आणि ताडोब्याच्या त्या एका फेरीपुरती १००-४०० भाड्याने आणा. प्रमाण उलटं असतं, म्हणजे वर्षात चार-पाच व्याघ्र सफारी आणि पक्षी अधूनमधून, तर १००-४०० विकत घ्या असं सांगितलं असतं.

लेन्सवरच्या आकड्यापेक्षा आधी तुमचा प्राणी किती मीटरवर असतो ते पाहा. हिशेब सोपा आहे. सेन्सरची रुंदी मिलिमीटरमध्ये (झेड ५० ची २३.५) गुणिले प्राण्याचं अंतर मीटरमध्ये, भागिले फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिलिमीटरमधला आकडा). जे येईल तेवढे मीटर रुंदीचं दृश्य त्या अंतरावर फ्रेममध्ये मावतं.

छोटा खंड्या घ्या. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत साधारण १६ सेंमी. तळ्याकाठी तो १५ मीटरवर बसू देतो, फार तर १२. १५ मीटरवर ६०० ला फ्रेमची रुंदी सुमारे ५९ सेंमी येते, म्हणजे खंड्या फ्रेमच्या पाव भागाहून थोडा जास्त. झेड ५० चा फोटो ५५६८ पिक्सेल रुंद असतो, त्यात पक्ष्याच्या वाट्याला साधारण १५०० पिक्सेल येतात. हेच ५०० ला १२६० आणि ४०० ला १०१० च्या आसपास. १५०० पिक्सेलच्या पक्ष्याचे पिसांचे तंतू सुटे दिसतात आणि क्रॉप करून बऱ्यापैकी मोठा प्रिंट निघतो. १००० चा मोबाइलच्या पडद्यावर छान दिसतो, पण क्रॉप करायला जागा उरत नाही. शिंजीर किंवा शिंप्यासारखे पक्षी तर याहून लहान. म्हणून वर्षभर पक्षी टिपणाऱ्याला ४०० वर थांबू नका असं सांगावं लागतं.

आता वाघ. व्याघ्र प्रकल्पातल्या पर्यटनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखायचं असतं. पण वाघाने ती सूचना वाचलेली नसते, तो रस्त्याने चालत जिप्सीच्या (सफारीच्या उघड्या गाडीच्या) अगदी जवळून जातो. २० मीटरवर १८० ला फ्रेमची रुंदी सुमारे २.६ मीटर येते. पूर्ण वाढलेला नर शेपटीसह पावणेतीन-तीन मीटर भरतो, म्हणजे आडवा चालला तर शेपूट कापली जाणार. तोच १० मीटरवर आला की १८० मध्ये १.३ मीटर, फक्त डोकं आणि खांदे. १०० ला मात्र १० मीटरवर २.३५ मीटर आणि २० मीटरवर ४.७ मीटर मिळतात. म्हणजे वाघासोबत सागाची झाडं, रस्ता, मागची धूळ हे सगळं येतं. सफारीत ६०० कमी पडण्यापेक्षा १८० जास्त पडण्याचे प्रसंगच अधिक येतात. झेड ५० सारख्या क्रॉप सेन्सरच्या (फुलफ्रेमहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर तर फारच. लांबचा आकडा सगळे विचारतात, जवळचा कुणी विचारत नाही, आणि जिप्सीत घोळ होतो तो तिथेच.

भिगवणचं गणित वेगळं. उजनीच्या पाणलोटात नावेतून रोहित ४०-६० मीटरवर दिसतात. ५० मीटरवर ६०० ला फ्रेम साधारण १.९५ मीटर रुंद आणि १.३ मीटर उंच, म्हणजे उभा रोहित एकटा वरपासून खालपर्यंत भरतो. थवा हवा असेल तर ३०० पुरे. नावाड्याला आणखी जवळ घ्यायला सांगू नका. थवा उडाला की पाठमोऱ्या पंखांचे फोटो मिळतात, आणि पक्ष्यांचं खाणंही मोडतं.

इथे एक गैरसमज दूर करतो. ‘क्रॉप कॅमेऱ्यावर ६०० ची ९०० होते’ असं दुकानदार सांगतात. दृश्यकोनापुरतं ते खरं आहे. पक्ष्यावर किती पिक्सेल पडतात हे मात्र सेन्सरवरच्या पिक्सेलच्या दाटीवर ठरतं. निकॉनचे ४५ मेगापिक्सेलचे फुलफ्रेम कॅमेरे क्रॉप मोडमध्ये साधारण १९ मेगापिक्सेल देतात, झेड ५० चे २०.९. म्हणजे उद्या झेड ८ घेतलात तर खंड्या मोठा दिसणार नाही. फोकस, व्ह्यूफाइंडर, बफर हे सगळं सुधारेल, पल्ला तेवढाच राहील.

प्रकाशाचं बोलू. १८०-६०० चं अ‍ॅपर्चर ६०० ला एफ/६.३, १००-४०० चं ४०० ला एफ/५.६, आणि २००-५०० चं सगळीकडे एफ/५.६. एफ आकडा लहान तितका प्रकाश जास्त. ५.६ आणि ६.३ मध्ये फक्त एक तृतीयांश स्टॉप आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता ६४०० च्या जागी ५०००. यावरून लेन्स ठरवू नका. एफ/४ च्या मोठ्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सशी तुलना केली तर फरक सव्वा स्टॉपहून थोडा जास्त पडतो, ६४०० च्या जागी २५००. तो डोळ्यांना दिसतो, पण त्याची किंमत कित्येक पट आहे. पहाटे बांबूच्या गचपणात एफ/६.३ वर १/२५० आणि आयएसओ ६४०० असे आकडे नेहमीचे. झेड ५० वर ६४०० चा फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढून नॉइज, म्हणजे चित्रातले रवे, कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढला तर चालतो. जेपेगमध्ये केसांचा चिखल होतो.

पार्श्वभूमी किती विरघळेल ते एफ आकड्यापेक्षा काचेच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरतं. फोकल लेंग्थ भागिले एफ आकडा करा: ६०० ला ६.३ ने भागून ९५ मिमी, ५०० ला ५.६ ने भागून ८९, ४०० ला ५.६ ने भागून ७१. या वर्गातल्या बहुतेक ६०० लेन्सचा फिल्टर ९५ मिमीचा असतो तो याचमुळे. एकाच जागी उभं राहून काढलात तर ६०० वर एफ/६.३ ची पार्श्वभूमी ४०० वर एफ/५.६ पेक्षा जास्त मऊ येते.

वजन आणि हाताळणीला मी अर्धे गुण देतो, कारण जड लेन्स घरी राहते. १८०-६०० ट्रायपॉड कॉलरसह (लेन्सभोवतीचं, ट्रायपॉडला जोडायचं कडं) २१४० ग्रॅम, कॉलर काढून १९५५. १००-४०० कॉलरसह १४३५. २००-५०० कॉलरसह २३००, वर अ‍ॅडॅप्टर. झेड ५० बॅटरीसह साधारण ४५० ग्रॅमचा, म्हणजे कॅमेरा लेन्सला लटकलेला असतो. पट्टा नेहमी लेन्सच्या कॉलरला लावा, कॅमेऱ्याच्या कड्यांना नाही, नाहीतर सगळं वजन माउंटवर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या जोडावर येतं. डावा हात कॉलरच्या पायाखाली, कोपर बरगडीला टेकलेलं. निकॉनच्या कॉलरचा पाय अर्का-स्विस पद्धतीचा (ट्रायपॉडवर सरकवून बसवायच्या प्रचलित पट्टीचा) नाही, त्यामुळे वेगळी पट्टी बसवा किंवा पायच बदलून घ्या.

१८०-६०० चं झूम आतल्या आत होतं. नळी बाहेर येत नाही, त्यामुळे तोल बदलत नाही, आणि १८० पासून ६०० पर्यंत जायला रिंग फक्त ७० अंश फिरवावी लागते, मनगट न उचलता. १००-४०० आणि २००-५०० दोन्ही बाहेर येतात. बाहेर येणारी नळी आत जाताना हवा आणि तिच्यासोबत धूळ ओढते. एप्रिल-मेमध्ये ताडोब्याच्या कच्च्या रस्त्यावर पुढच्या जिप्सीची धूळ तोंडात येते, तेव्हा हे महत्त्वाचं ठरतं. झूम आत ओढण्यापूर्वी नळी मऊ ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसू नका.

कंपनप्रतिबंध म्हणजे व्हीआर. झेड ५० च्या बॉडीत सेन्सर हलवणारी यंत्रणा नाही, सगळी भिस्त लेन्सवर. दोन्ही झेड लेन्स कंपनीच्या मोजमापात ५.५ स्टॉप, २००-५०० ४.५ स्टॉप. पण व्हीआर तुमचा हात थांबवतो, प्राण्याला नाही. बसलेल्या पक्ष्याला १/५००, चालणाऱ्या वाघाला १/५०० ते १/८००, उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० ते १/३२०० हवेतच. घार किंवा चित्रबलाक १/१६०० वर निभतो, वेडा राघू १/३२०० वरही पंखाचं टोक हलवतो. उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवताना व्हीआर स्पोर्ट मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये व्ह्यूफाइंडरमधलं चित्र अडखळतं.

टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसवून पल्ला वाढवणारी जोडकाच) सध्या विसरा. १.४ पटीचा लावला की एक स्टॉप जातो: १८०-६०० ची २५२-८४० होते आणि टोकाला एफ/९. झेड ५० चं फोकस सकाळच्या प्रकाशात तिथे चाचपडतं. १००-४०० वर लावून ५६० एफ/८ मिळतं, पण १८०-६०० तीच ५६० जवळजवळ पाऊण स्टॉप जास्त प्रकाशासह देते, वेगळा खर्च न करता.

१००-४०० ची एक खुबी मात्र खरीच मोलाची आहे. ४०० ला ती ९८ सेंमीपर्यंत जवळ फोकस करते आणि ०.३८ पट मोठं चित्र देते. फुलपाखरं, चतुर, पावसाळ्यात आंबोलीचे बेडूक, सुरक्षित अंतरावरून चापडा साप हे सगळं एका लेन्समध्ये. १८०-६०० ला ६०० वर २.४ मीटर लागतात आणि ०.२५ पट मिळते. ज्यांचं मन छोट्या जिवांत रमतं त्यांनी पक्ष्यांचा थोडा पल्ला सोडून १००-४०० घ्यावी, त्यात चूक नाही.

२००-५०० कुणी घ्यावी? जुनी, चांगल्या अवस्थेतली, नव्या १८०-६०० च्या निम्म्या किमतीच्या आत मिळत असेल तर. काच उत्तम आहे, ५०० ला एफ/५.६ वर धारदार. उणिवा म्हणजे फोकसची मोटर मंद, झूमची रिंग लांब फिरते (२०० वरून ५०० ला एका झटक्यात जाता येत नाही), आणि अ‍ॅडॅप्टरमुळे सगळं लांबलचक होतं. बसलेल्या पक्ष्यांना आणि वाघाला चालेल. उडणाऱ्या छोट्या पक्ष्यांसाठी नको.

फोकसबद्दल एक इशारा. झेड ५० प्राण्यांचे डोळे ओळखतो ते मुख्यतः कुत्र्या-मांजरांच्या हिशेबाने. पक्ष्यांसाठी खास ओळख झेड ५० मार्क दोनमध्ये आली. तेव्हा नवी लेन्स लावली की पक्षी आपोआप पकडला जाईल असं समजू नका. बसलेल्या पक्ष्याला सिंगल पॉइंट, उडणाऱ्याला वाइड एरिया स्मॉल आणि एएफ-सी (सलग फोकस). फोकस लिमिटर ६ मीटर ते अनंत यावर ठेवा, म्हणजे लेन्स समोरच्या गवतात भटकणार नाही.

दुसऱ्या कंपन्यांचे कॅमेरे असलेल्यांसाठी दोन ओळी. सोनीची २००-६०० (२०१९) हीसुद्धा आतल्या आत झूम होणारी, कॉलर काढून २११५ ग्रॅम. सोनीवर सिग्मा-टॅमरॉन घेताना लक्षात ठेवा की वेगवान बॉडीवरही सलग फोकससह त्या सेकंदाला १५ फोटोंवर अडतात आणि सोनीचा टेलिकन्व्हर्टर त्यांना बसत नाही. कॅननची आरएफ १००-५०० जिप्सीसाठी या सगळ्यांत सोयीची, कॉलर काढून १३६५ ग्रॅम. पण टोकाला एफ/७.१, आणि एक्स्टेंडर (कॅननचा टेलिकन्व्हर्टर) लावला तर झूम ३०० च्या खाली येतच नाही. आरएफ २००-८०० टोकाला एफ/९: माळरानावर उत्तम, दाट जंगलात रडवते. डीएसएलआरवाल्यांना सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी (१९३० ग्रॅम) आणि टॅमरॉन १५०-६०० जी२ (साधारण दोन किलो) हे अजूनही पैसा वसूल पर्याय. सिग्माची स्पोर्ट आवृत्ती २८६० ग्रॅमची, ती हातात धरून दिवस काढायचा विचार करू नका.

आता सगळ्यात जास्त येणारी तक्रार: ‘नवी लेन्स ६०० ला मऊ येते’, म्हणजे फोटो धारदार येत नाही. बहुतेक वेळा लेन्सचा दोष नसतो. पहिला संशय हवेवर घ्या. सकाळी नऊ-दहानंतर तापलेल्या माळावर, रस्त्यावर किंवा पाण्यावर हवेच्या थरांचं तापमान वेगळं होतं, प्रकाश वाकतो, आणि ५० मीटरवरचं हरिण पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. शटर १/४००० केलं तरी फरक पडत नाही. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात हे अटळ आहे. उपाय दोनच, जवळचा प्राणी किंवा लवकरची वेळ. वातानुकूलित गाडीच्या खिडकीतून काढतानाही हेच होतं, आतल्या-बाहेरच्या हवेच्या फरकाने. दुसरा संशय समोरच्या यूव्ही फिल्टरवर. स्वस्त ९५ मिमी फिल्टर ६०० वर चित्राची धार सरळ खातो. काढून टाका आणि हूड कायम लावा. तिसरा जिप्सीच्या इंजिनवर: चालू इंजिनाची थरथर लेन्सच्या टोकाला पोचते. चालकाला नम्रपणे बंद करायला सांगा, बहुतेक जण करतात. चौथा, शेजारचा प्रवासी उभा राहिला की गाडी हलते. त्यावर बीनबॅग हाच इलाज. रिकामी पिशवी घेऊन जा आणि तिथल्या किराणा दुकानातून दोन-अडीच किलो तांदूळ किंवा ज्वारी भरा. परतताना धान्य कुणाला तरी देऊन टाका. ट्रायपॉड जिप्सीत उघडायला जागाच नसते, आणि नावेत तो लाटेसोबत हलतो.

इतकं करूनही शंका राहिली तर पाहणी अशी करा. ढगाळ सकाळी ३० मीटरवरची, अक्षरांनी भरलेली दुकानाची पाटी किंवा विटांची भिंत समोरासमोर धरा. लेन्स पक्क्या आधारावर, व्हीआर बंद, ६०० वर एफ/६.३, शटर १/१०००, दोन सेकंदांचा टायमर. दहा फोटो, प्रत्येक वेळी फोकस नव्याने. दहांपैकी काही धारदार आणि काही नाहीत, तर प्रश्न फोकसचा. सगळे सारखे मऊ आणि एकच कोपरा जास्त मऊ, तर आतली काच सरकलेली आहे. बदलून मागा.

जुनी लेन्स घेताना मागच्या बाजूने टॉर्च तिरका मारून पुढून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी, तिथूनच परत फिरा. धुळीचे चार कण असतील तर फोटोत काही दिसत नाही, त्यावर भाव कमी करून घ्या. लेन्स तोंड खाली करून हलवा: झूम आपोआप घसरते का? कॉलर खिळखिळी आहे का? माउंटच्या स्क्रूंवर ओरखडे असतील तर ती कधीतरी उघडलेली आहे. व्हीआर चालू करून शटर अर्धं दाबा. गुणगुण चालेल, खडखड चालणार नाही. सर्वांत जवळून अनंतापर्यंत फोकस दहा वेळा नेऊन बघा, मध्ये अडकता कामा नये. नवी घेताना भारतीय वॉरंटीचं बिल मागा. बाहेरून आणलेली लेन्स स्वस्त पडते, पण दुरुस्तीच्या वेळी अधिकृत केंद्र ती वॉरंटीत घेत नाही.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर लेन्सच्या अंदाजपत्रकातच ड्राय कॅबिनेट धरा, ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर. तेवढं जमत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रतामापक. जून ते सप्टेंबर लेन्स कापडी बॅगेत ठेवून विसरणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. पावसातून आणलेली ओली लेन्स लगेच डब्यात बंद करू नका, आधी पंख्याखाली तासभर सुकवा.

खरेदीआधी एक काम घरबसल्या करा. ५०-२५० ने काढलेले गेल्या वर्षीचे फोटो फोकल लेंग्थप्रमाणे लावा. २५० वर काढून अर्ध्याहून जास्त कापलेले किती, आणि १५० च्या खालचे, न कापता ठेवलेले किती? पहिला ढीग मोठा असेल तर १८०-६०० नक्की. दुसरा मोठा निघाला तर १००-४००. मग ठरलेली लेन्स एका शनिवार-रविवारसाठी भाड्याने घेऊन पहाटे तळ्यावर जा आणि तीन तास हातात धरून बघा. पुण्या-मुंबईत आणि नागपुरात भाड्याने देणारे आहेत. आणताना त्यांच्यासमोरच पुढची काच आणि माउंटचे फोटो काढून ठेवा. ताडोब्याला जाताना भाड्याची १००-४०० कॅमेऱ्यावर आणि स्वतःची १८०-६०० बॅगेत ठेवा, पण चालत्या जिप्सीत धुळीत लेन्स बदलू नका. बदल गेटवर किंवा दोन सफारींच्या मधल्या वेळात खोलीवर करा.